आठ हेक्टर मूळ रान आणि साडेनऊ हेक्टर शेतजमीन : व्हिक्टोरिया पार्क राखीव क्षेत्राचा प्रकरण अभ्यास

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या ईशान्य टोकाला, अल्स्टनविल पठारावर, व्हिक्टोरिया पार्क नावाचे एक राखीव निसर्गक्षेत्र आहे. त्याचे एकूण क्षेत्रफळ १७.५ हेक्टर, म्हणजे सुमारे ४३ एकर आहे. त्यातील जेमतेम ८ हेक्टरांवर मूळ वर्षावन शिल्लक आहे. उरलेली साडेनऊ हेक्टर जमीन एकेकाळी झाडे तोडून शेतीखाली आणलेली होती आणि तिच्यावर पुन्हा रान उभे करणे हा या क्षेत्राच्या संरक्षणाचाच एक भाग आहे. चारही बाजूंना कुरणे, फळबागा आणि वस्ती आहे.

संरक्षित क्षेत्र म्हटले की आपल्या मनात शेकडो चौरस किलोमीटरचे अभयारण्य येते. त्या मापाने हे क्षेत्र नगण्य वाटेल. परंतु ज्या सलग रानाचा एक टक्काही उरलेला नाही, त्याच्या बाबतीत आठ हेक्टर ही मोठी शिल्लक ठरते. या प्रकरणातील खरा प्रश्न मात्र या आठ हेक्टरांविषयीचा नाही. मूळ रानापेक्षा अधिक क्षेत्रफळाची उजाड जमीन त्याच्या बरोबरीने राखण्याची गरज काय, हा तो प्रश्न आहे. माझ्या मते या प्रकारच्या प्रत्येक राखीव क्षेत्राचे भवितव्य त्या उजाड जमिनीवर ठरते, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

पंचाहत्तर हजार हेक्टरांचे रान कसे गेले

बायरन बे, बॅलिना आणि लिस्मोर या आजच्या तीन गावांच्या दरम्यानचा बराचसा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका सलग वर्षावनाने व्यापलेला होता. युरोपीय वसाहतकारांनी त्याला 'बिग स्क्रब' असे नाव दिले. त्याचा विस्तार सुमारे ७५,००० हेक्टर होता आणि सखल प्रदेशातील उपोष्ण वर्षावनाचा ऑस्ट्रेलियातील तो सर्वांत मोठा पट्टा होता. सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी जागृत असलेल्या ट्वीड ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसॉल्ट खडक, त्यापासून झालेली खोल तांबडी माती आणि वर्षाला १,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, या तिन्हींचा येथे मेळ होता. पांढरा बूयाँग आणि काळा बूयाँग हे मोठ्या आधारमुळांचे वृक्ष, मोरेटन बे फिग आणि त्याच्या कुळातील इतर विशाल वृक्ष, ब्लॅक बीन, यलो कॅराबीन, बँगलो पाम, आणि उजेड पडेल तेथे वाढणारा, पानाच्या स्पर्शाने दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदना देणारा जायंट स्टिंगिंग ट्री अशी त्याची घडण होती.

हा प्रदेश बंडजलुंग या मूळ रहिवासी लोकांचा. या घनदाट रानात मधूनमधून गवताळ मोकळ्या जागा होत्या आणि वसाहतकारांनीही त्यांना 'ग्रास' असेच संबोधले. परिसरातील काही जुन्या स्थलनामांत तो शब्द आजही टिकून आहे. रान अस्पर्शित होते असे म्हणणे त्यामुळे बरोबर नाही. तेथे माणसे राहत होती, वावरत होती, आणि रान त्यांच्यासह टिकून होते.

१८४० च्या दशकात लाकूडतोडे आले ते रेड सीडरच्या शोधात. हा वृक्ष भारतातही आढळतो आणि त्याला आपल्याकडे तून म्हणतात. त्याचे तांबूस, हलके आणि कोरीवकामास सोपे लाकूड सिडनीच्या बाजारात हवे होते. या तोडीने रानातील एक जात विरळ झाली, पण रान उभेच राहिले. खरा घाव घातला तो १८६१ च्या जमीन कायद्यांनी. जॉन रॉबर्टसन यांच्या पुढाकाराने झालेल्या या कायद्यांनुसार सर्वेक्षण होण्यापूर्वीच कोणालाही सरकारी जमीन निवडून घेता येत असे. किंमत एकरी एक पौंड होती आणि आरंभी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे पाच शिलिंग, भरावा लागे. मात्र अट अशी होती की घेणाऱ्याने त्या जमिनीवर राहावे आणि तिच्यात 'सुधारणा' करावी. सुधारणेचा व्यवहारातील अर्थ झाडे तोडणे असाच होता. जमिनीवर रान राखणे म्हणजे जमिनीवरचा हक्क धोक्यात घालणे, अशी परिस्थिती कायद्यानेच निर्माण केली होती. म्हणून या विनाशाचे खापर केवळ त्या शेतकऱ्यांच्या अज्ञानावर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

तोडीची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. उतारावरील अनेक झाडांच्या बुंध्यांना कुऱ्हाडीने अर्धवट खाचा पाडून ठेवत, आणि मग सर्वांत वरचे एखादे मोठे झाड पूर्ण तोडून खालच्या झाडांवर पाडत. वेलींनी एकमेकांत गुंतलेली ती झाडे एकामागून एक कोसळत आणि उताराचा पूर्ण पट्टा काही क्षणांत भुईसपाट होई. लाकूड वाळले की त्याला आग लावत आणि राखेत मका किंवा गवत पेरत. पुढे शीतकरणाची सोय झाल्यावर लोणी ब्रिटनपर्यंत पाठवणे शक्य झाले आणि दुग्धव्यवसाय हाच या प्रदेशाचा मुख्य आधार बनला. १८९५ मध्ये बायरन बे येथे 'नॉर्को' ही दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. १९०० च्या सुमारास बिग स्क्रब जवळजवळ संपले होते. जे उरले ते तीव्र उतारावर, ओढ्याकाठी, एखाद्या सरकारी तुकड्यावर, किंवा एखाद्या कुटुंबाने सावलीसाठी आणि आवडीने राखलेल्या कोपऱ्यात. व्हिक्टोरिया पार्क, डेव्हिस स्क्रब, बोटहार्बर, हेटर्स हिल ही त्या विखुरलेल्या अवशेषांची नावे आहेत.

तुकड्याची कड

कुंपण घातले, फलक लावला आणि तोड थांबली, म्हणजे रान वाचले, असा समज बराच काळ होता. वर्षावनाच्या लहान तुकड्याबाबत तो चुकीचा ठरतो, आणि त्याचे कारण भूमितीत आहे.

सलग रानाच्या आत उजेड मंद, हवा दमट आणि वारा जवळजवळ नसतो. रान कापले की कापलेल्या कडेतून ऊन, वारा आणि कोरडी हवा आत शिरते. कडेची जुनी झाडे शेंड्याकडून वाळू लागतात, वादळात उन्मळतात, आणि त्यांच्या पडण्याने कड आणखी आत सरकते. हा परिणाम ५० मीटरपर्यंत आत पोहोचतो असे धरून हिशोब करता येईल. आठ हेक्टरांचा तुकडा अगदी चौरस असला, तर त्याची बाजू सुमारे २८३ मीटर होते. सर्व बाजूंनी ५० मीटरची पट्टी वजा केली की आत उरतात जेमतेम ३.३ हेक्टर. म्हणजे नकाशावर जे आठ हेक्टर रान दिसते, त्यातील निम्म्याहून अधिक रान नसून कड असते. प्रत्यक्ष तुकडे चौरस नसतात. ते लांबट आणि वेडेवाकडे असतात, त्यामुळे खरी स्थिती याहून वाईट असते.

आता त्याच चौरसाभोवती साडेनऊ हेक्टरांचे नवे रान वाढवले असे समजू. एकूण १७.५ हेक्टरांच्या चौरसाची बाजू सुमारे ४१८ मीटर होईल आणि कडेची पट्टी वगळता आत सुमारे १०.१ हेक्टर उरतील. जुना तुकडा मध्यभागी असेल, तर त्याच्या प्रत्येक बाजूस सुमारे ६८ मीटर रुंदीचे नवे रान असेल आणि संपूर्ण मूळ रान कडेच्या माऱ्यातून बाहेर येईल. हा हिशोब कागदावरचा आहे, व्हिक्टोरिया पार्कच्या सीमा अशा आखीव नाहीत. पण शेतजमिनीची भर का घालावी याचे उत्तर त्यातून स्वच्छ मिळते: नवे रान त्यातील प्रजातींच्या संख्येने जुन्या रानाच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी ते ऊन आणि वारा स्वतःच्या अंगावर घेते आणि जुन्या रानाला पुन्हा आतला भाग मिळवून देते.

कडेतून केवळ ऊन-वारा येत नाही, तण येते. आपल्या परिचयाची घाणेरी येथेही कडेवर भिंतीसारखी माजते. त्याहून घातक आहेत त्या वेली. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली मदेरा वेल झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते, पाने झाकून टाकते आणि तिच्या वजनाने फांद्या मोडतात. तिच्या खोडावर हवेतच लहान बटाट्यासारखे कंद धरतात. वेल बुंध्याजवळ कापली, तर वर लटकलेला भाग लगेच मरत नाही. साठवलेल्या ओलाव्यावर तो बराच काळ तग धरतो, आणि कंद खाली गळून प्रत्येकातून नवी वेल उगवते. म्हणून अनुभवी कामगार ती कापत नाहीत. खोडाची साल एका बाजूने चाकूने खरवडून लगेच त्या ओल्या जखमेवर तणनाशक ब्रशने लावतात, वेल तशीच जिवंत लटकू देतात, म्हणजे औषध तिच्यातून वाहत कंदांपर्यंत पोहोचते. त्यानंतरही महिनोन्‌महिने जमिनीवर पडलेले कंद वेचावे लागतात. हे काम यंत्राने होत नाही. गुडघ्यावर बसून, देशी रोप आणि तणाचे रोप यांतील फरक पानाच्या शिरेवरून ओळखत, हाताने करायचे हे काम आहे.

आधी कोणी केले होते

अल्स्टनविल गावातच या विचाराचा एक जुना दाखला आहे. अँब्रोझ क्रॉफर्ड या दुग्धव्यावसायिकाने १९३५ मध्ये लम्ली पार्क या सुमारे चार एकरांच्या, घाणेरीने व्यापलेल्या अवशिष्ट रानावर काम सुरू केले. तण काढणे आणि त्या प्रदेशातीलच मूळ जातींची झाडे लावणे, ही त्यांची रीत होती. 'परिसंस्था पुनर्स्थापना' ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी, ज्यांच्या पिढीने हे रान साफ केले त्यांच्यातीलच एक माणूस ते परत उभे करू पाहत होता. ऑस्ट्रेलियातील या प्रकारच्या सर्वांत जुन्या प्रयत्नांत लम्ली पार्कची गणना होते. क्रॉफर्ड यांनी दशकानुदशके त्या चार एकरांना वेळ दिला आणि मला त्यांचे हे सातत्य त्यांच्या तंत्राइतकेच महत्त्वाचे वाटते.

दुसरा टप्पा १९८० पासूनचा. याच राज्यात दक्षिणेला, विंगहॅम ब्रश या वेलींनी गिळत आणलेल्या लहानशा वर्षावनात जॉन स्टॉकार्ड यांनी दाखवून दिले की मृतप्राय मानलेला तुकडा, तण योग्य क्रमाने आणि चिकाटीने काढल्यास, मातीतील बियाण्यांच्या आणि पाखरांच्या बळावर पुष्कळसा स्वतःच सावरतो. त्यानंतर बिग स्क्रबच्या अवशेषांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या 'बिग स्क्रब लँडकेअर' या संस्थेने अवशेषांची देखभाल आणि शेतकऱ्यांच्या जमिनीवरील नवी लागवड ही दोन्ही कामे एका सूत्रात आणली.

शेतजमीन स्वतः रान का होत नाही

तण काढलेल्या जुन्या रानात रोपे आपोआप उगवतात, मग शेजारच्या सोडून दिलेल्या कुरणात का नाही? पहिला अडथळा गवताचा. पॅस्पलम, किकुयू, सेटारिया ही जनावरांसाठी आणलेली गवते इतकी दाट गादी धरतात की बी मातीपर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचलेच तर रोप उजेडाला येत नाही. गुरे बाहेर काढली की हे गवत कमी होण्याऐवजी कंबरेएवढे वाढते. दुसरा अडथळा बियाण्याचा. या वनातील बहुसंख्य झाडे गरदार फळांची आहेत आणि त्यांची बी पाखरांच्या पोटातून फिरते. वोंपू फळकबुतर किंवा गुलाबी टोपीचे फळकबुतर उघड्या कुरणावर उतरत नाही, कारण बसायला फांदी नाही आणि खायला फळ नाही. शतकभराच्या चराईनंतर जमिनीत रानाचे बीही उरलेले नसते. म्हणजे रान येण्यासाठी पाखरू हवे, आणि पाखरू येण्यासाठी झाड हवे.

हा तिढा सोडवण्याची रूढ पद्धत म्हणजे दाट लागवड. गवत आधी तणनाशकाने मारतात, मग सुमारे पावणेदोन मीटर अंतरावर रोपे लावतात. या अंतराने हेक्टरी तीन हजारांहून अधिक रोपे बसतात. साडेनऊ हेक्टर पूर्ण लावायचे ठरवले तर सुमारे एकतीस हजार रोपे लागतील. त्यात मॅकरँगा, ब्लीडिंग हार्ट, रेड अ‍ॅश, पेन्सिल सीडर यांसारखी भराभर वाढणारी, उघड्यावर तगणारी अग्रगामी झाडे आणि सावकाश वाढणारी मूळ रानातील झाडे यांचे मिश्रण असते. अग्रगामी झाडे काही वर्षांत पाने एकमेकांत गुंतवून छत धरतात, सावलीने गवत मरते, त्यांची फळे पाखरांना बोलावतात, आणि तेथून पुढे बी आणण्याचे काम पाखरांकडे जाते. पहिली दोन-तीन वर्षे रोपांभोवतीचे गवत काढत राहणे हा यातील सर्वांत खर्चिक भाग आहे. रोपे लावण्याचा दिवस उत्साहात पार पडतो आणि माणसेही जमतात. दुसऱ्या वर्षीच्या दमट उन्हाळ्यात गवत काढायला कोण येणार, यावर लागवडीचे यश ठरते.

कापराच्या झाडाचा वाद

या प्रदेशातील सर्वांत अवघड प्रश्न मात्र गवताचा नाही, कापराच्या झाडाचा आहे. पूर्व आशियातील हे झाड १८२२ मध्ये ऑस्ट्रेलियात आले आणि सावलीसाठी शाळांच्या आवारांत, रस्त्यांच्या कडेला, गोठ्यांजवळ लावले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुग्धव्यवसाय आटला, विशेषतः १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेल्यावर लोण्याची जुनी बाजारपेठ आकसली, आणि कित्येक कुरणे पडीक झाली. त्या पडीक जमिनीवर मूळ रान आले नाही, कापराचे रान आले. त्याची काळी, गरदार फळे पाखरे खातात आणि सर्वत्र पेरतात. आज या टेकड्यांवर लांबून जी गर्द हिरवाई दिसते, तिचा मोठा वाटा या परक्या झाडाचा आहे.

सरळ निष्कर्ष असा निघतो की कापूर शत्रू आहे आणि तो समूळ काढावा. शेतकऱ्यांचा, नगरपालिकांचा आणि अनेक निसर्गप्रेमींचा कल दीर्घकाळ असाच होता. परंतु परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मूळ रान गेल्यावर फळे खाणाऱ्या कबुतरांना शरद-हिवाळ्यात खायला फारसे काही उरले नव्हते, त्या काळात कापराच्या फळांनी त्यांना तगवले. ग्रिफिथ विद्यापीठातील संशोधकांनी कापराच्या वाढलेल्या झाडीखाली पाहणी केली, तेव्हा तेथे मूळ वर्षावनातील कितीतरी जातींची रोपे, मुख्यतः पाखरांनी आणलेली, उगवलेली आढळली. जे काम लागवडीत अग्रगामी झाडे करतात, तेच कापराने फुकट केले होते: सावली धरून गवत मारले आणि पाखरांना फांदी दिली.

तरीही कापूर तसाच सोडावा, असे यातून सिद्ध होत नाही. कापराची झाडे दीर्घायुषी आहेत, त्यांच्याखाली त्यांचीच रोपे सर्वांत जास्त असतात, आणि खालची देशी रोपे दशके खुरटी राहतात. शिवाय पाखरांनी आणलेल्या बियांत प्रिव्हेटसारखी इतर परकी झाडेही असतात. म्हणून जाणत्यांनी मधला मार्ग काढला. कापराचे झाड तोडत नाहीत. बुंध्याभोवती छिद्रे पाडून त्यांत तणनाशक भरतात आणि झाड उभ्याउभ्याच मरू देतात. पाने हळूहळू गळतात, उजेड एकदम न येता काही महिन्यांत थोडा थोडा वाढतो, वाळलेल्या फांद्यांवर पाखरे बसतच राहतात आणि बी टाकतात, आणि खाली वाट पाहत असलेली देशी रोपे उसळी घेतात. मोठ्या जागेवर हे काम तुकड्यातुकड्याने करतात, म्हणजे फळे खाणाऱ्या पाखरांचे अन्न एकाच वर्षी नाहीसे होत नाही. ज्या तुकड्यात तण काढायला पुढची काही वर्षे माणसे मिळतील, त्याच तुकड्यातील कापूर मारावा, हा येथील सर्वांत शहाणा नियम आहे. मनुष्यबळ नसताना कापूर मारला, तर त्याच उजेडात घाणेरी आणि मदेरा वेल माजते आणि जागा पूर्वीपेक्षा वाईट होते.

माझे मत असे की कापराच्या वादात दोन्ही पक्ष झाडाकडे पाहतात आणि क्रमाकडे पाहत नाहीत. कोणते तण आधी काढायचे, कोणते नंतर आणि कोणते तूर्त राहू द्यायचे, हा निर्णय त्या झाडाच्या मूळ देशावरून होऊ शकत नाही. त्या जागी त्या घडीला ते काय करत आहे, यावरून तो व्हायला हवा.

जे आपोआप येत नाहीत

पाखरांच्या भरवशावर उभे राहिलेले रान हिरवे आणि गर्द असते, पण त्यात ठराविकच जाती असतात. बूयाँगची आणि तूनाची पंखधारी बी वाऱ्याने थोड्या अंतरावर जाते. ब्लॅक बीनची बी मोठी आणि जड असते. ती झाडाखालीच पडते किंवा ओढ्याच्या पाण्याने वाहते. रेड बॉपल नट आणि डेव्हिडसन्स प्लम यांची फळेही फळकबुतराच्या चोचीत मावणारी नाहीत. म्हणजे ८ हेक्टरांच्या तुकड्यात असलेली ही झाडे शेजारच्या साडेनऊ हेक्टरांतही फार सावकाश पसरतील, आणि कुरणांपलीकडच्या दुसऱ्या तुकड्यात स्वतःहून कधीच जाणार नाहीत.

येथे आणखी एक सखोल अडचण आहे. लहान तुकड्यात एखाद्या जातीची दहा-वीस झाडेच उरली असतील, तर शतकभरात ती एकमेकांचीच नातलग होतात. त्यांचे बी गोळा करून नवे रान लावले, तर संख्या वाढते आणि वाण दुबळे राहते. गुळगुळीत पानांच्या डेव्हिडसन्स प्लममध्ये हे टोकाला गेले आहे: त्याचे उगवणक्षम बी क्वचितच तयार होते आणि अनेक ठिकाणची झाडे मुळांतून फुटलेली एकाच झाडाची रूपे असतात. 'जवळच्याच झाडाचे बी वापरा' हा पुनर्स्थापनेतील जुना, सद्भावनेचा नियम अशा वेळी नुकसान करतो. म्हणून अलीकडे बिग स्क्रबच्या कार्यकर्त्यांनी सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधील संशोधकांच्या साहाय्याने अनेक जातींच्या पानांचे नमुने जागोजागहून गोळा करून त्यांचे डीएनए तपासण्याचे काम हाती घेतले. कोणत्या ठिकाणची कोणती झाडे एकत्र लावली, तर त्यांच्या संततीत पुरेसे वैविध्य येईल, हे ठरवून त्यानुसार बियाण्यांसाठीच्या बागा उभारणे हा त्याचा हेतू आहे.

याचे महत्त्व केवळ रानापुरते नाही. जगभर खाल्ले जाणारे मॅकाडेमियाचे कवचफळ याच प्रदेशातील वर्षावनांतून आले, आणि त्याची पहिली व्यापारी बाग १८८० च्या दशकात येथून जवळच राऊस मिल येथे लागली. आज बागा मोठ्या आहेत आणि रानातील मॅकाडेमिया दुर्मीळ व धोक्यात आहे. बागांतील कलमे मोजक्या झाडांपासून आलेली असल्याने रोगाला आणि हवामानाला तोंड देणारे गुण शोधायचे झाले, तर ते अशाच अवशिष्ट तुकड्यांत शोधावे लागतील.

कायद्याचे संरक्षण आणि त्याबाहेरचे

व्हिक्टोरिया पार्कला राज्याच्या १९७४ च्या राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव कायद्याखाली निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. हा दर्जा राष्ट्रीय उद्यानापेक्षा कडक असून त्यात संवर्धन आणि अभ्यास यांना प्राधान्य, तर पर्यटनाला मर्यादित स्थान आहे. येथे लाकडी पदपथ आहे आणि तो सोयीपेक्षा अधिक काही आहे, कारण पायांखाली माती घट्ट झाली की उथळ मुळे आणि कोवळी रोपे मरतात. २०११ मध्ये केंद्र शासनाने 'उपोष्ण ऑस्ट्रेलियातील सखल वर्षावन' हा संपूर्ण परिसंस्था-समूह अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर केला, त्यामुळे खाजगी जमिनीवरील पुरेशा चांगल्या अवस्थेतील तुकड्यांनाही कायद्याचा आधार मिळाला.

कायद्याला न जुमानणारी संकटेही आहेत. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात मर्टल रस्ट हा बुरशीजन्य रोग आढळला. तो जांभळाच्या कुळातील झाडांची कोवळी पालवी मारतो आणि वाऱ्याने पसरतो. स्क्रब टर्पेंटाइन आणि नेटिव्ह ग्वाव्हा ही पूर्वी कडेवर सहज दिसणारी झाडे आज अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. उंचावरील नाइटकॅप राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसा क्षेत्राचा भाग आहे, पण २०१९ च्या वणव्याने त्यातील वर्षावनातही प्रवेश केला. एका मोठ्या क्षेत्रावर सर्व भिस्त ठेवता येत नाही, म्हणून सखल भागात विखुरलेले लहान तुकडे अधिक मोलाचे ठरतात, असे मला वाटते.

शेवटी प्रश्न राहतो तो पैशांचा आणि कालावधीचा. शासकीय अनुदान बहुधा ठराविक वर्षांपुरते असते आणि त्याचा हिशोब लावलेल्या रोपांच्या संख्येवर मागितला जातो. अवशिष्ट रानाची गरज मात्र वेगळी आहे. चांगल्या अवस्थेत आणलेल्या तुकड्यातही वर्षातून काही वेळा जाणत्या माणसांनी फिरून नवी वेल, नवे प्रिव्हेट, नवा कापूर उपटून टाकावा लागतो. हे काम थोडे आहे, स्वस्त आहे, पण त्याला शेवटची तारीख नाही. ते दोन-तीन वर्षे थांबले तर आधीच्या दशकाचा खर्च वाया जाऊ शकतो. त्यामुळे पुढील निधी आला की तो नव्या हेक्टरावर लावायचा की जुन्या हेक्टराच्या देखभालीला राखून ठेवायचा, हा निर्णय दरवेळी घ्यावा लागतो. माझा कौल स्पष्ट आहे. आधी मूळ आठ हेक्टरांची देखभाल कायमस्वरूपी सोडवावी. मग त्याला लागून असलेल्या जमिनीवर, कडेपासून बाहेरच्या दिशेने, जेवढी निगा राखता येईल तेवढीच लागवड करावी. आणि त्यानंतरच दूरच्या तुकड्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा विचार करावा. त्या पट्ट्यांसाठी लागणारी जमीन बहुतांशी शेतकऱ्यांची आहे, आणि ओढ्याकाठची पंचवीस-तीस मीटर रुंदीची पट्टी चराईतून सोडण्यास त्यांच्यापैकी किती जण राजी होतात, यावर ब्लॅक बीनचे बी एका रानातून दुसऱ्या रानात पोहोचणे अवलंबून आहे.